ग्रीली : पाण्याच्या करारावर वसलेले गाव

डिसेंबर १८६९ मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या दैनिकात एक आवाहन छापून आले. लिहिणारे नेथन मीकर त्या दैनिकाचे शेतीविषयक संपादक होते. कोलोरॅडो प्रदेशात सर्वांनी मिळून एक नवे गाव वसवायचे आहे, ज्यांना यायचे असेल त्यांनी कळवावे, असा त्यातला मजकूर होता. अटी मोजक्याच होत्या. येणारा दारूपासून लांब राहणारा असावा, त्याला शिक्षणाची चाड असावी आणि गाठीला थोडा पैसा असावा. तीन हजारांवर पत्रे आली. २३ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये सभा भरली आणि ‘युनियन कॉलनी’ नावाची संस्था स्थापन झाली. अध्यक्ष मीकर, उपाध्यक्ष जनरल रॉबर्ट कॅमेरॉन आणि खजिनदार ‘ट्रिब्यून’चे संस्थापक-संपादक होरेस ग्रीली. सभासदाची वर्गणी १५५ डॉलर. ज्यांनी ती भरली त्यांतल्या बहुतेकांनी रॉकी पर्वत कधी पाहिलेला नव्हता.

पश्चिम अमेरिका म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे चित्रपटातला एकटा घोडेस्वार येतो. कमरेला पिस्तूल, मागे धूळ, आणि स्वतःच्या बळावर रान जिंकणारा. शेतीच्या गावांचा इतिहास मात्र या चित्राशी जुळत नाही. कोरड्या माळावर एकट्या माणसाला दुसरा उन्हाळाही काढता येत नव्हता. गावे उभी राहिली ती वर्गणीवर, आखलेल्या नकाशावर, लिहिलेल्या नियमांवर आणि सर्वांत आधी कालव्यावर. खजिनदाराचेच नाव धारण केलेले ग्रीली हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ज्या करारावर ते वसले त्यात कोण होते आणि कोण नव्हते, हे पाहिल्याशिवाय त्या गावाची वाढ समजत नाही. ‘कष्टाळू पूर्वजांनी वाळवंटाचे नंदनवन केले’ एवढेच सांगणारा इतिहास अपुरा आहे, आणि तो तसाच पुढच्या पिढीला देणे अन्यायाचे आहे.

मीकर यांना सामूहिक जीवनाचा अनुभव होता. १८४०च्या दशकात ते ओहायोतल्या ट्रंबुल फॅलॅन्क्स या वसाहतीत राहिले होते. फ्रेंच विचारवंत शार्ल फूरिए यांच्या कल्पनांवर उभारलेली ही वसाहत काही वर्षांतच मोडली. त्यातून मीकर यांनी एक व्यवहारी धडा घेतला. घर आणि शेत ज्याचे त्याचे असावे. पण जे एकट्याला झेपत नाही, म्हणजे घाऊक जमीनखरेदी, कालवे, कुंपण, शाळा, ते सर्वांनी मिळून करावे. ही मधली वाटच पुढे गावाच्या कामी आली.

एप्रिल १८७० मध्ये जागा ठरली. काश ला पूडर नदी साउथ प्लॅट नदीला मिळते, त्या संगमाजवळचा हा माळ डेन्व्हर आणि शायेन या दोन शहरांच्या मधोमध होता आणि नवा रेल्वेमार्ग तिथूनच जात होता. सुमारे १२ हजार एकर जमीन खरेदी झाली. तिचा मोठा भाग डेन्व्हर पॅसिफिक रेल्वेकडून आणि उरलेला तिथे आधी येऊन राहिलेल्या काही गोऱ्या शेतकऱ्यांकडून घेतला गेला. गावाचा नकाशा आधी झाला, घरे नंतर. शंभर फूट रुंद रस्ते, मध्यभागी बाग, आणि गावाभोवती शेते. सभासदाला गावापासून जितके लांब शेत हवे तितके ते मोठे मिळे. जवळ घेतले तर पाच एकर, दूर गेले तर ऐंशी. गावातला भूखंड वेगळा विकत घ्यायचा, कोपऱ्याचा असेल तर ५० डॉलर, नाहीतर २५. त्या पैशातून सार्वजनिक कामे व्हायची. प्रत्येक खरेदीखतात दारू गाळण्यास आणि विकण्यास बंदी घालणारे कलम होते. ग्रीलीत ही दारूबंदी १९६९ पर्यंत, म्हणजे जवळपास शंभर वर्षे टिकली.

कागदावरचे गाव आणि प्रत्यक्षातला माळ यांत मात्र फार अंतर होते. रेल्वेतून उतरलेल्या कुटुंबांना ना झाड दिसले ना हिरवे गवत. निवाऱ्यासाठी शायेनहून एक मोठी लाकडी इमारत उचलून आणली होती. तिचे नाव ‘हॉटेल द कम्फर्ट’, आणि तिथेच अनेक कुटुंबे दाटीवाटीने राहिली. काही जण माळ पाहून लगेच माघारी फिरले आणि पूर्वेला जाऊन वसाहतीबद्दल वाईटसाईट सांगू लागले. राहिलेल्यांनी पहिल्याच वर्षी शाळा सुरू केली, आणि नोव्हेंबरात मीकर यांनी ‘ग्रीली ट्रिब्यून’ हे वृत्तपत्र काढले.

आता त्या जमिनीबद्दल. रेल्वेने ती वसाहतीला विकली, रेल्वेला ती संघीय सरकारने दिली होती. पण सरकारकडे ती आली कुठून? १८५१च्या फोर्ट लॅरमी कराराने नॉर्थ प्लॅट आणि आर्कान्सा या नद्यांमधला सारा प्रदेश शायेन आणि अरापाहो लोकांचा असल्याचे अमेरिकेने स्वतः मान्य केले होते. १८५८-५९ मध्ये कोलोरॅडोत सोने सापडले, माणसांचा लोंढा आला आणि १८६१च्या फोर्ट वाइज कराराने या जमातींना एका लहानशा कोरड्या तुकड्यावर ढकलले गेले. तो करार त्यांच्यातल्या अनेकांनी कधी मान्यच केला नाही. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कर्नल जॉन शिव्हिंग्टन यांच्या सैनिकांनी सँड क्रीक येथे शायेन-अरापाहो छावणीवर हल्ला केला. त्या छावणीतले प्रमुख ब्लॅक केटल शांततेची बोलणी करून आले होते. सुमारे २३० माणसे मारली गेली, त्यांत बहुतांश स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. १८६७च्या मेडिसिन लॉज करारानंतर उरलेल्यांना आजच्या ओक्लाहोमाच्या दिशेने हलवण्यात आले. जुलै १८६९ मध्ये ईशान्य कोलोरॅडोतल्या समिट स्प्रिंग्ज येथे शायेन योद्ध्यांचा मोठा पराभव झाला. मीकर यांचे आवाहन छापून आले ते त्याच वर्षी, पाच महिन्यांनी.

वसाहतीत आलेले लोक क्रूर नव्हते. त्यांतले बरेचसे गुलामगिरीच्या विरोधात उभे राहिलेले, चर्चला नेमाने जाणारे, शाळेसाठी वर्गणी देणारे लोक होते. होरेस ग्रीली यांच्या वृत्तपत्राने गुलामगिरीविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले होते. म्हणूनच हा प्रश्न अधिक टोचतो. ‘रिकामी’ जमीन विकत घेणाऱ्या सज्जन माणसाला ती रिकामी कशी झाली हे विचारावेसे वाटले नाही.

माळावर आल्यावर वसाहतीपुढचे पहिले संकट गुरांचे होते. या प्रदेशात गुरे मोकाट चरत. पीक वाचवायचे तर कुंपण शेतकऱ्याने घालावे, अशी तिथली रीत होती. काटेरी तारेचे जोसेफ ग्लिडन यांचे पेटंट १८७४चे, म्हणजे तेव्हा तीही सोय नव्हती. अखेर वसाहतीने सुमारे ५० मैल लांबीचे कुंपण साऱ्या शेतांभोवती मिळून घातले. गुरेवाल्यांनी आणि शेजाऱ्यांनी या नेमस्त, दारू न पिणाऱ्या लोकांच्या गावाला ‘संतांचे विश्रामस्थान’ म्हणून हिणवले. कुंपणाने गुरे बाहेर राहिली. पण गावाचा जीव होता पाण्यात.

ग्रीलीत वर्षाकाठी जेमतेम १४ इंच पाऊस पडतो. पावसावर शेती करत आलेल्या न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडकडच्या माणसांना पाट काढणे, दारे धरणे, पाळी ठरवणे यातले काहीच ठाऊक नव्हते. आराखड्यात चार कालवे होते आणि त्या सर्वांचा खर्च २० हजार डॉलर धरला होता. वसाहतीच्या हातून दोनच कालवे पुरे झाले, आणि खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला. गावाला पाणी देणारा ‘कालवा क्रमांक ३’ १८७०च्या उन्हाळ्यातच खोदला गेला. नदीच्या उत्तरेकडचा ‘क्रमांक २’ सुमारे ३६ मैलांचा, पठारावरच्या हजारो एकरांसाठी आखलेला होता. तो आधी अरुंद आणि उथळ निघाला. वर पाणी सोडले तरी खालच्या शेतात पोचेना, पिके डोळ्यांदेखत वाळली. मग तो पुन्हा पुन्हा रुंद करावा लागला, आणि प्रत्येक वेळी सभासदांनाच खिशात हात घालावा लागला. मीकर यांनी मोठ्या आशेने मागवलेली फळझाडे आणि द्राक्षवेली थंडीने व कोरड्या हवेने गेल्या. १८७३ पासून काही वर्षे टोळधाडीने उभी पिके फस्त केली. तरीही गाव उठले नाही, याचे कारण कालव्यात प्रत्येकाचा पैसा आणि घाम अडकला होता. सोडून जाणाऱ्याचे नुकसान होते आणि राहणाऱ्याला शेजाऱ्याची गरज होती. जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिले जाते. या अडकलेल्या हितसंबंधाबद्दल कमी लिहिले जाते, आणि गाव टिकवण्यात त्याचा वाटा जिद्दीहून लहान नव्हता.

मग आले १८७४. दोन वर्षांपूर्वी नदीच्या वरच्या अंगाला फोर्ट कॉलिन्स येथे दुसरी शेती-वसाहत सुरू झाली होती. तिचे नेतृत्व करत होते ग्रीलीचेच माजी उपाध्यक्ष जनरल कॅमेरॉन. १८७४चा उन्हाळा कडक गेला. पूडर ही बर्फाची नदी. जूनमध्ये दुथडी भरून वाहते आणि जुलै संपता संपता आटते. फोर्ट कॉलिन्सच्या नव्या कालव्यांनी वरच्या वर पाणी उचलले आणि ग्रीलीचे कालवे कोरडे पडले. वरचा आणि खालचा, हा पाण्यातला सर्वांत जुना तंटा. जुलैमध्ये दोन्ही गावांच्या मधल्या एका शाळेत सभा भरली. ‘पाणी आधी आम्ही वळवले, म्हणून हक्क आमचा’ असे ग्रीलीकरांचे म्हणणे. हक्काच्या क्रमाने पाणी वाटायला एक अधिकारी नेमावा, अशी त्यांची मागणी होती. वरच्यांना ती मान्य नव्हती; पाणी त्यांच्या दारातून वाहत होते. हाणामारीची भाषा झाली. अखेर फोर्ट कॉलिन्सने थोडे पाणी खाली सोडण्याचे कबूल केले, आणि मग पाऊस आला म्हणून वेळ निभावली. वसाहतीचा इतिहास लिहिणारे डेव्हिड बॉइड त्या सभेला हजर होते. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात या तंट्याचा तपशील आहे.

पावसाने त्या वर्षी भांडण मिटवले, प्रश्न तसाच राहिला. दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळाला आणि राज्यघटनेच्या सोळाव्या भागात पाण्याबद्दल स्वतंत्र कलमे आली. नैसर्गिक प्रवाहातले कोणी न उचललेले पाणी जनतेच्या मालकीचे, ते उपयोगासाठी वळवण्याचा हक्क कोणालाही नाकारता येणार नाही, आणि टंचाईत ज्याने आधी वळवले त्याचा हक्क आधी. पाणी सर्वांना पुरत नसेल तर पिण्याच्या पाण्याला पहिले स्थान, त्याखालोखाल शेती, मग कारखाने. इंग्लंडच्या परंपरेत नदीकाठच्या जमीनमालकाला पाण्याचा हक्क असे. ओल्या देशात जन्मलेला हा नियम कोरड्या मुलखात टिकणार नव्हता. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८२ मध्ये लेफ्ट हँड डिच कंपनीच्या खटल्यात त्याला साफ नकार दिला. १८७९ आणि १८८१च्या कायद्यांनी नदीवार पाणी-आयुक्त नेमले, न्यायालयांनी प्रत्येक कालव्याची तारीख ठरवून क्रम लावला. ज्या अधिकाऱ्याची मागणी ग्रीलीने शाळेतल्या सभेत केली होती, तो असा कायद्याने मिळाला.

ही मोठी कामगिरी होती. बंदुका न चालता, सभा-ठराव-न्यायालय या मार्गाने एका नदीचे वाटप ठरले. फोर्ट कॉलिन्सच्या कृषी महाविद्यालयात एलवूड मीड यांनी सिंचन अभियांत्रिकी शिकवायला सुरुवात केली ती याच काळात. पुढे हूव्हर धरणामागच्या जलाशयाला त्यांचेच नाव मिळाले. पण या कायद्याच्या पोटात दोन दोष राहिले. पहिला असा की, ‘पहिला’ कोण हे मोजायची सुरुवात गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाट काढला त्या दिवसापासून झाली. दुसरा दोष काळाच्या ओघात उघड झाला : पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा झाला आणि विकता येऊ लागला.

संस्थापक मीकर यांचा शेवट याच कथेचा भाग आहे. ग्रीली उभे करताना ते कर्जबाजारी झाले. होरेस ग्रीली १८७२ मध्ये वारले, त्यांच्या वारसांचे देणे मीकर यांच्या डोक्यावर होते. १८७८ मध्ये त्यांनी पश्चिम कोलोरॅडोत व्हाइट रिव्हर येथे यूट लोकांसाठीच्या सरकारी कचेरीचे प्रमुखपद घेतले. यूट लोकांची श्रीमंती घोड्यांत होती. मीकर यांना त्यांच्या हाती नांगर द्यायचा होता, आणि तोही लगेच. त्यांनी घोड्यांची कुरणे आणि शर्यतीचे मैदान नांगरायला घेतले, विरोध झाला तेव्हा सैन्य बोलावले. २९ सप्टेंबर १८७९ रोजी सैन्य राखीव प्रदेशात शिरले. त्याच दिवशी यूटांनी मीकर आणि त्यांच्या पुरुष कर्मचाऱ्यांना ठार केले, त्यांची पत्नी आणि मुलगी यांना काही आठवडे कैदेत ठेवले. याची शिक्षा साऱ्या जमातीला झाली. १८८१ मध्ये तिथल्या यूटांना युटाहमध्ये हाकलण्यात आले आणि पश्चिम कोलोरॅडोची जमीन नव्या वसाहतींना खुली झाली. ग्रीलीत माणसांनी आपखुशीने वर्गणी भरून जे केले, तेच व्हाइट रिव्हरला दुसऱ्यांवर लादले गेले. एकच माणूस, एकच नांगर. फरक संमतीचा होता. मीकर यांचे ग्रीलीतले मातीच्या विटांचे दुमजली घर आज संग्रहालय आहे. तिथे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या म्हणून शेजारी-शेजारी वाचल्या पाहिजेत.

गाव हळूहळू वाढले. १८८०च्या जनगणनेत १,२९७ माणसे होती, १९०० मध्ये ३,०२३. आधी गहू, मग बटाटा. लसूणघास आणि बटाटा यांच्या फेरपालटाने जमीन सुधारली आणि ग्रीलीचा बटाटा नावाजला गेला. गव्हाचे जूनच्या पाण्यावर भागते, बटाट्याला ऑगस्टमध्ये पाणी लागते. म्हणून नुसत्या कालव्याने पुरेना, तलाव बांधावे लागले. कालवेबांधणीत हात असलेले शेतकरी बेंजामिन ईटन १८८५ मध्ये राज्याचे गव्हर्नर झाले, यावरून पाण्याला तिथे काय मोल होते ते कळते. १८९० मध्ये शिक्षकांसाठीचे विद्यालय सुरू झाले, तेच आजचे नॉर्दर्न कोलोरॅडो विद्यापीठ. कादंबरीकार जेम्स मिचनर यांनी १९३०च्या दशकात तिथे शिकवले आणि याच परिसरावर ‘सेंटेनियल’ ही कादंबरी बेतली.

खरी उडी साखरेने मारली. १९०२ मध्ये ग्रीलीत बीटपासून साखर करणारा कारखाना सुरू झाला आणि १९१० पर्यंत लोकसंख्या ८,१७९ वर गेली. दहा वर्षांत अडीच पटीहून जास्त. साखर कारखाना आला की गावात काय काय येते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको : रोख पैसा, रेल्वेची वर्दळ, बँका, आणि हंगामी मजूर.

हे मजूर वसाहतीच्या मूळ सभासदांपैकी नव्हते. बीटाची विरळणी ओणव्याने, हाताने करायची. मग खुरपणी, आणि थंडी सुरू होताना काढणी करून पाला छाटायचा. कामाचा ठेका एकरावर असे, म्हणून सारे कुटुंब पोराबाळांसह शेतात उतरे. आधी आले रशियातल्या व्होल्गा नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले जर्मन, मग जपानी, मग न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोतून आलेले स्पॅनिश बोलणारे लोक. जर्मन कुटुंबे काही वर्षांत स्वतःची शेते घेऊ शकली. मेक्सिकन कुटुंबांना ते फार अवघड गेले. १९२४ मध्ये ग्रेट वेस्टर्न शुगर कंपनीने गावाच्या वायव्येला, गावाबाहेर, त्यांच्यासाठी वस्ती बांधवली. मातीच्या भेंड्यांची लहान घरे, आणि ती बांधण्याचे श्रम मजुरांचेच. ही ‘स्पॅनिश कॉलनी’ पुढे अनेक पिढ्यांचे घर झाली. तिचा स्वतःचा बेसबॉल संघ, ‘ग्रीली ग्रेज’, नावाजला गेला. पहिल्या वसाहतीचे नकाशे, रस्त्यांची रुंदी, संस्थापकांची नावे यांच्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या. या दुसऱ्या वसाहतीचा इतिहास मात्र बराच काळ तिथल्या कुटुंबांच्या आठवणींतच राहिला. ग्रीलीला तीन हजारांवरून आठ हजारांवर नेणारी साखर ज्यांच्या वाकलेल्या पाठींवर उभी होती, त्यांना संस्थापकांच्या यादीत जागा मिळायला हवी.

गावापासून पूर्वेला सुमारे २५ मैलांवर डिअरफील्ड नावाची आणखी एक वसाहत होती. ऑलिव्हर टूसाँ जॅक्सन यांनी १९१० मध्ये ती कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी सुरू केली. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या आत्मचरित्राने ते भारावले होते. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या गुलाम-मुक्तीच्या कार्याला स्मरून अर्पण केले, त्या मुक्त झालेल्यांची पुढची पिढी आता स्वतःच्या मालकीचे शेत शोधत होती. पहिल्या हिवाळ्यात बहुतेक कुटुंबे तंबूंत आणि जमिनीत खोदलेल्या खोपटांत राहिली. पुढच्या दशकात शेकडो माणसे, शाळा, चर्च, दुकाने असे नांदते गाव झाले. कष्टात, शिस्तीत, एकोप्यात ते ग्रीलीहून तसूभर कमी नव्हते. फरक एकच होता. त्यांच्या वाट्याला आलेल्या माळाला कालवा नव्हता. चांगल्या पाण्याच्या तारखा केव्हाच लागून गेल्या होत्या. पाऊस बरा होता तोवर कोरडवाहू पिके आली. पहिल्या महायुद्धानंतर भाव पडले, १९३०च्या दशकात अवर्षण आणि धुळीची वादळे आली आणि गाव ओस पडले. ‘आम्ही कष्टाने मोठे झालो’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक पाणीदार गावाला डिअरफील्ड दाखवावे.

त्याच अवर्षणात ग्रीलीने काय केले? ‘ग्रीली ट्रिब्यून’चे संपादक चार्ल्स हॅन्सन यांनी पुढाकार घेतला, १९३७ मध्ये उत्तर कोलोरॅडोचा जलसंधारण जिल्हा स्थापन झाला आणि संघीय सरकारच्या पैशाने पर्वताच्या पलीकडचे, कोलोरॅडो नदीचे पाणी अलीकडे आणायचे ठरले. रॉकी पर्वताखालून २१ किलोमीटरचा बोगदा काढला गेला. १९४७ मध्ये त्यातून पहिले पाणी आले. कोलोरॅडो–बिग थॉम्पसन नावाचा हा प्रकल्प १९५७ मध्ये पुरा झाला. ज्यांच्याकडे संघटना, वृत्तपत्र आणि वॉशिंग्टनपर्यंतचा आवाज होता, त्यांच्यासाठी डोंगर पोखरला गेला.

या प्रकल्पाच्या पाण्याचे ३ लाख १० हजार भाग पाडले आहेत, आणि त्यांची खरेदी-विक्री होते. सुरुवातीला बहुतांश भाग शेतकऱ्यांकडे होते. आज बहुतांश शहरांकडे आणि उद्योगांकडे आहेत. शेतकरी पुष्कळदा तेच पाणी शहराकडून वर्षापुरते भाड्याने घेतो. ग्रीलीची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत १ लाख ८ हजार ७९५ होती. वाढत्या शहराला पाणी हवे, म्हाताऱ्या शेतकऱ्याला निवृत्तीसाठी पैसा हवा, आणि कायदा दोघांच्या मध्ये उभा राहत नाही. आग्नेय कोलोरॅडोतल्या क्रॉली काउंटीत याचा शेवट कुठे होतो ते दिसले. १९७०-८०च्या दशकांत तिथल्या शेतकऱ्यांनी आपापले पाणीहक्क कोलोरॅडो स्प्रिंग्ज, प्युब्लो आणि ऑरोरा या शहरांना विकले. ५० हजारांहून अधिक एकर ओलीत होते, ते काही हजारांवर आले. विकणाऱ्यांना पैसे मिळाले. पण ज्याने विकले नाही त्याच्या वाट्याचा कालवाही चालेनासा झाला, कारण कालवा एकट्याने चालत नाही. शेती गेली तशी दुकाने, कर, शाळांची पटसंख्या गेली. आज तिथल्या रोजगाराचा मोठा आधार तुरुंग आहेत.

एकेकाचा हक्क मोजताना गावाचा हक्क मोजायचा राहून गेला, ही कोलोरॅडोच्या कायद्याची मोठी चूक होती. १८७० मध्ये जे पाणी सर्वांच्या वर्गणीतून शेतात आले, ते विकताना सर्वांना विचारायची सोय ठेवायला हवी होती.

हे आपल्यालाही लागू आहे. महाराष्ट्राच्या २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातली टंचाई वरच्या-खालच्यांनी सारखी वाटून घ्यावी असे तत्त्व आहे, आणि जायकवाडीच्या वादात त्याचाच आधार घेतला जातो. ‘आधी आला त्याचे आधी’ या नियमापेक्षा ते अधिक न्याय्य आहे. पण त्याच कायद्यात पाणीहक्काच्या हंगामी किंवा वार्षिक खरेदी-विक्रीलाही वाट ठेवलेली आहे. विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने याच्या नेमका उलटा नियम केला होता. पाणी माणशी मिळेल, भूमिहीनालाही मिळेल, आणि जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. ग्रीली आणि क्रॉलीचा दीडशे वर्षांचा अनुभव साळुंखे यांच्या बाजूने आहे. पाण्याच्या बाजाराचे नियम आपल्याकडे लिहिले जातील तेव्हा आमदारांनी, पाणीवापर संस्थांनी आणि शेतकऱ्यांनी हे कलम आग्रहाने मागून घ्यावे : गावाच्या आणि तिथल्या भूमिहीनांच्या संमतीशिवाय गावाचे पाणी कायमचे बाहेर जाणार नाही.